खेळणं थांबवून शिकवायला लागताना: फेरेरोच्या वाटेवरून

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, पुण्यात वाढलेला टेनिस खेळाडू, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम१५ आणि एम२५, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीच्या, स्पर्धा पाच वर्षं खेळून सिंगल्सचं रँकिंग हजाराच्या आसपास. खांदा साथ देत नाही म्हणून थांबतोय. एका चांगल्या ज्युनिअरच्या घरून ट्रॅव्हलिंग कोच (स्पर्धांना सोबत जाणारा कोच) म्हणून विचारणा आली आहे, आणि एका अकादमीतही जागा आहे. काय निवडावं? आणि स्पेनचा माजी नंबर वन फेरेरो याने त्याच देशाच्या अल्काराझला शून्यातून घडवलं, ते माजी खेळाडू असल्यामुळेच ना?

अकादमी घ्या, निदान दोन वर्षं. कारणं पुढे देतो, पण आधी प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. हुआन कार्लोस फेरेरोने कार्लोस अल्काराझला शून्यातून घडवलेलं नाही. २०१८ मध्ये मुलगा त्याच्याकडे आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याच्या वयोगटात सगळ्यांना माहीत झालेला होता. फोरहँड, ड्रॉप शॉट, हाताची ती मऊ पकड हे सगळं मुर्सियाजवळच्या एल पाल्मारमध्ये वडिलांच्या आणि लहानपणच्या कोचच्या देखरेखीत बसलं होतं. फेरेरोने केलं ते ज्युनिअरला मोठ्यांच्या टेनिसमध्ये न मोडता नेण्याचं काम. मुलाच्या हातात रॅकेट बसवणं आणि बसलेल्या हाताला सर्किटवर टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम येत नसलेला माणूस दुसऱ्या कामात एका ठरावीक जागी अडकतो: खेळाडूचा एखादा फटका बिघडला की तो का बिघडला हे त्याला शोधता येत नाही.

फेरेरोची स्वतःची वाट नीट पाहा. जन्म १९८०, वलेन्सिया भागातलं ओन्तिन्येन्त गाव. लहानपणापासून कोच एकच, अँतोनियो मार्तीनेझ कास्कालेस, आणि जागाही एकच, स्पेनमधल्या विलेना गावची अकादमी. २००० साली डेव्हिस कपच्या फायनलमध्ये बार्सिलोनात लेटन ह्युइटला हरवून त्याने स्पेनला पहिला कप मिळवून दिला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. रोलाँ गॅरोसला (फ्रेंच ओपन) २००० आणि २००१ मध्ये सेमीफायनलला कुएर्तेनकडून हार, २००२ च्या फायनलला आल्बर्ट कोस्ताकडून हार, आणि २००३ मध्ये मार्टिन व्हेरकेर्कला हरवून विजेतेपद. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या फायनलमध्ये रॉडिककडून हरला, पण दुसऱ्या दिवशीच्या यादीत नंबर वन झाला. ती जागा आठ आठवडे टिकली. २००४ मध्ये कांजिण्या झाल्या, मग बरगडी आणि मनगट दुखावलं, आणि तो पुन्हा कधी ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोहोचला नाही. तरी तो आणखी आठ वर्षं खेळत राहिला. २००९ मध्ये पहिल्या शंभरांच्या बाहेर गेला, तिथून परत येऊन स्पर्धा जिंकला, आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये वलेन्सियात थांबला.

कोच म्हणून त्याची खरी कमाई माझ्या मते या उतरणीच्या वर्षांत झाली. शिखरावरचा खेळाडू अंगातल्या लयीवर खेळतो, त्याला विचार करावा लागत नाही. लय गेली की प्रत्येक पॉइंटचं गणित मांडावं लागतं: सर्व्ह कुठे टाकली तर पहिला चेंडू फोरहँडवर येईल, कुठल्या स्कोअरला धोका घ्यायचा, कुठल्या आठवड्यात अजिबात खेळायचं नाही. हे गणित शिकवता येतं. अंगातली लय शिकवता येत नाही. तुम्ही पाच वर्षं हजाराच्या आसपास खेळलात, पहिल्या फेरीत हरून दीडशे डॉलरच्या आसपास हातात घेऊन पुढच्या गावाची बस पकडलीत, म्हणजे या गणिताचा भरपूर सराव तुमच्याकडे आहे. तो कमी लेखू नका.

आता ट्रॅव्हलिंग कोचच्या विचारणेकडे येतो. फेरेरो २०१७ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या अलेक्झांडर झ्वेरेव्हच्या टीममध्ये आला. वॉशिंग्टन आणि माँट्रियल लागोपाठ जिंकले, माँट्रियलच्या फायनलमध्ये समोर फेडरर होता. तरी २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत सगळं संपलं होतं. झ्वेरेव्हचे वडील हेच मुख्य कोच, फिटनेसचा माणूस आधीपासूनचा, आणि फेरेरोचं बाकीच्या टीमशी जमलं नाही. भांडणात बरोबर कोण होतं हे आपल्याला ठरवायचं नाही. घडी बसलेल्या घरात उशिरा शिरणाऱ्या कोचला सराव किती वाजता, कुठली स्पर्धा, कोण काय बोलणार यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि निकालाचा हिशेब मात्र त्याच्याकडे मागितला जातो. माजी नंबर वनची ही गत, तर २७ वर्षांच्या नव्या कोचची काय होईल? अल्काराझच्या बाबतीत उलट होतं. अकादमी फेरेरोची, कोर्ट त्याचे, फिजिओ आणि फिटनेसची माणसं तिथली, आणि मुलगा घरापासून तासाभराच्या अंतरावर. मुलाच्या अवतीभवतीची घडी कोचने बसवलेली होती. त्यातून २०२० मध्ये चॅलेंजर (मुख्य टूरच्या खालच्या पायरीच्या) स्पर्धा, २०२१ मध्ये क्रोएशियातल्या उमागचं विजेतेपद, सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन ओपन आणि एकोणिसाव्या वर्षी नंबर वन. ही जोडी २०२५ च्या अखेरीला सुटली, तोवर सहा ग्रँड स्लॅम झाली होती.

दोन वर्षं अकादमीत नेमकं काय शिकायचं?

पहिली गोष्ट, पाहायला शिकणं. माजी खेळाडूला ही सर्वांत जड जाते, कारण त्याची नजर आयुष्यभर चेंडूवर असते. कोचची नजर चेंडूवर असून चालत नाही. एक उदाहरण जवळून पाहू. बारा वर्षांची मुलगी आहे, फोरहँड वारंवार बेसलाइनच्या बाहेर जातोय. नवा कोच जाळ्यापलीकडून ओरडतो, ‘रॅकेट बंद कर, वरून घे.’ मुलगी मनगट वळवते, दोन चेंडू आत येतात, तिसरा जाळ्यात जातो, आणि आठवड्याभरात मनगट दुखायला लागतं. आता तिच्या उजव्या बाजूला, साइडलाइनच्या दोन पावलं बाहेर उभे राहा. दहा चेंडू फक्त पाय पाहा. पुढचे दहा फक्त खांदे. पुढचे दहा फक्त रॅकेट आणि चेंडू भेटतात ती जागा. पहिल्या दहांत दिसेल की समोरच्याने चेंडू मारला त्या क्षणी तिची स्प्लिट स्टेप (तयारीची छोटी उडी) पडतच नाही. चेंडू जाळ्यावर आल्यावर ती हलते. दुसऱ्या दहांत दिसेल की त्यामुळे खांदे उशिरा वळतात. तिसऱ्यात दिसेल की चेंडू पुढच्या पायासमोर भेटायचा तो मागच्या मांडीपाशी भेटतोय. इतक्या मागे भेटलेल्या चेंडूला रॅकेटचं तोंड आकाशाकडेच असणार. म्हणजे दोष दिसतो हातात, आणि तो सुरू होतो पायांत, जवळपास एक सेकंद आधी. उपाय मनगटाचा नाही. समोरचा मारेल त्या क्षणी तिने मोठ्याने ‘हॉप’ म्हणायचं आणि उडी घ्यायची, बस. आठ चेंडूंचा एक संच, असे सहा संच, मध्ये वीस-पंचवीस सेकंद. हात आपोआप पुढे येतो.

फोनवर व्हिडिओ घेत असाल तर मागून आणि बाजूने असे दोनच कोन घ्या, कमरेच्या उंचीवरून, स्लो मोशनमध्ये. मुलाला एका वेळी एकच गोष्ट दाखवा. पाच दोष एकदम दाखवले की तो पाचही विसरतो, आणि आपलं काहीतरी भयंकर चुकतंय एवढंच लक्षात ठेवतो.

दुसरी गोष्ट, फीडिंग, म्हणजे सरावासाठी मुलाला चेंडू देणं. बाहेरून हे मजुरीचं काम वाटतं. पण चांगला आणि वाईट कोच सर्वांत आधी इथेच ओळखू येतो. सर्किटवरून आलेला माणूस फीड फार सुंदर देतो: एकाच उंचीचा, एकाच वेगाचा, एकाच जागी. त्यावर मुलं सरावात देखणी खेळतात आणि मॅचमध्ये उंच, मेलेल्या चेंडूवर गारद होतात. क्रम असा ठेवा. नवीन हालचाल शिकवताना हाताने चेंडू टाका, दोन-तीन मीटरवरून, म्हणजे मुलाला वेळ मिळतो. हालचाल बसली की बास्केटमधून रॅकेटने द्या, आणि प्रत्येक संचात एक चेंडू आखूड, एक उंच, एक अंगावर असा मुद्दाम बिघडवा. मग लाइव्ह रॅली. शेवटची पंधरा मिनिटं स्कोअर मांडून पॉइंट. फक्त बास्केटवर तासच्या तास काढणाऱ्या अकादमीतली मुलं सर्व्ह आणि रिटर्नमध्ये कच्ची निघतात. मॅचमधले बहुतेक पॉइंट पहिल्या चार फटक्यांत संपतात, म्हणून सरावाचा निदान एक तृतीयांश वेळ सर्व्ह, रिटर्न आणि त्यानंतरच्या एका फटक्यावर जायला हवा.

इथे तुमच्या खांद्याचाही विचार करा. दिवसाला पाच तास कोर्टवर म्हणजे हजाराच्या घरात फीड. कोपर वर उचलून, टॉपस्पिन देऊन फीड कराल तर खेळणं सोडूनही खांदा बरा होणार नाही. कॉन्टिनेंटल ग्रिप (हातोडा धरावा तशी पकड), हात कमरेखाली, खालून वर ढकललेला सपाट चेंडू, हलकी रॅकेट, मऊ तारा कमी ताणावर. पॉलिएस्टर तारांची रॅकेट फीडिंगला वापरू नका. सर्व्ह शिकवताना स्वतः वीस-वीस सर्व्ह मारून दाखवण्याचा मोह आवरा. दोन सर्व्ह दाखवा आणि रॅकेट खाली ठेवा. मुलांनाही हेच लागू आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाने एका सत्रात पूर्ण जोराच्या साठ-सत्तर सर्व्हपलीकडे जाऊ नये, आणि सलग दोन दिवस तर मुळीच नाही. वाढीच्या वयात खांद्याची आणि पाठीची दुखणी बहुधा याच हिशेबात सुरू होतात.

लहान मुलांची बॅच टाळू नका. माजी खेळाडूंना ती कमीपणाची वाटते, आणि मला ही वृत्ती मनापासून खटकते. आठ वर्षांच्या मुलाला पिवळा चेंडू आणि २३.७७ मीटरचं पूर्ण कोर्ट दिलं, की चेंडू डोक्यावरून उसळतो. मूल तो मारण्यासाठी ग्रिप तळहाताखाली सरकवतं, आणि ती टोकाची ग्रिप पुढे चौदाव्या वर्षी आखूड चेंडूवर नडते. म्हणून लाल चेंडू, जो पिवळ्याहून ७५ टक्के संथ, अकरा-बारा मीटरच्या कोर्टवर. मग नारिंगी चेंडू, ५० टक्के संथ, अठरा मीटरवर. मग हिरवा, २५ टक्के संथ, पूर्ण कोर्टवर. पुढच्या रंगावर वयामुळे नेऊ नका. मूल सर्व्ह टाकून, रॅली करून, स्कोअर धरून खेळू लागलं की न्या. सहा महिने लाल चेंडूची बॅच घेतलेल्या कोचला ग्रिप कुठून बिघडते हे पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

तंत्र बदलायचं कधी, यावर नवे कोच हमखास घसरतात. स्पर्धेच्या आठवड्यात तंत्राला हात लावायचा नाही. अल्काराझची सर्व्ह बदलली ती २०२५ च्या मोसमाआधीच्या तयारीत: मधला थांबा काढून हालचाल अखंड केली, आणि रॅकेटला पाच ग्रॅम वजन वाढवलं. तेव्हा तो चार ग्रँड स्लॅम जिंकलेला होता, तरी बदलासाठी मोकळे आठवडे राखूनच काम झालं. आपल्याकडे ही जागा पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर क्ले कोर्ट चिखल होतात, हार्ड कोर्टवर रोज पाणी ओढावं लागतं, स्पर्धा विस्कळीत होतात. बहुतेक अकादम्या हे महिने वाया गेले म्हणून हळहळतात. पण ग्रिप बदलायला, टॉस सुधारायला, दुहाती बॅकहँडचा डावा हात जागा करायला हाच काळ आहे. भिंत, आरसा, छप्पर असलेली थोडी जागा आणि दिवसाला दीडशे-दोनशे सावलीचे (चेंडूशिवायचे) फटके एवढं पुरतं. सहा आठवडे बदल, दोन आठवडे पॉइंट, मग स्पर्धा. दहावीचं वर्ष असेल तर मार्चपर्यंत कुठलाही तांत्रिक बदल घेऊ नका, मुलाकडे त्यासाठी डोकं शिल्लक नसतं.

मॅच पाहताना वही हवी. फार आकडे नकोत: पहिली सर्व्ह आत किती, दुसऱ्या सर्व्हवर पॉइंट किती, रिटर्न कोर्टमध्ये किती, आणि प्रत्येक चूक जाळ्यात की लांब की बाजूला. चार रकान्यांत तिसऱ्या मॅचपर्यंत चित्र दिसतं. हरलेल्या मॅचनंतर लगेच वही उघडू नका. पाणी, खाणं, आणि निदान दोन तास.

बोलण्याबद्दल. आता मॅच चालू असताना कोचला बसल्या जागेवरून सूचना द्यायला परवानगी आहे. एटीपीने (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) २०२२ च्या विम्बल्डननंतर प्रयोग म्हणून ती सुरू केली आणि २०२५ पासून टेनिसच्या नियमांतच आली. पॉइंट चालू नसताना, थोडक्यात, कोणाला त्रास न देता. दोन पॉइंटमध्ये वेळ २५ सेकंद, त्यातले मुलाच्या कानावर पडतील असे चार-पाच. तेव्हा तंत्र बोलायचं नाही. ‘खांदा लवकर वळव’ हे त्या क्षणी विषासारखं आहे, कारण मूल स्वतःच्या शरीराकडे पाहू लागतं. ‘बॅकहँडला उंच’, ‘एक पाऊल मागे’, ‘अंगावर सर्व्ह’ असे दोन-तीन शब्द, आणि तेही सरावात आधी शंभर वेळा वापरलेले. स्पर्धेनुसार तपशील बदलतात, विशेषतः ज्युनिअर गटात, म्हणून प्रत्येक ठिकाणी रेफरीला आधी विचारून घ्या.

कागदपत्रांचं लवकर उरका. आयटीएफचे कोचिंगचे स्तर एआयटीएमार्फत (अखिल भारतीय टेनिस संघटना) करता येतात: पहिला स्तर सुरुवातीच्या आणि मध्यम खेळाडूंसाठी, दुसरा पुढारलेल्यांसाठी, तिसरा उच्च कामगिरीसाठी. माजी खेळाडू थेट वरच्या स्तराची घाई करतात. पहिला स्तर मन लावून करा, मुलांची वाढ आणि गटाची आखणी तिथेच शिकायला मिळते. पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडतो. टेनिसवर पैज लावण्याची बंदी खेळाडूंसोबत असणाऱ्या कोचलाही तशीच लागू असते, मित्राच्या खात्यावरून गंमत म्हणूनसुद्धा नाही. आणि मुलांसोबत काम करताना: एकट्या मुलासोबत बंद खोली नाही, प्रवासात वेगळ्या खोल्या, मेसेज आई किंवा वडील असलेल्या ग्रुपवरच. हे पहिल्या दिवशी पालकांना स्वतःहून सांगा.

त्या विचारणा करणाऱ्या घराला सरळ नकार देऊ नका. अकादमीतून वर्षाला आठ-दहा आठवडे त्यांच्यासोबत जायची तयारी दाखवा. फेरेरोसुद्धा प्रत्येक आठवडा प्रवास करत नव्हता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला गेला नाही तेव्हा अल्काराझसोबत दुसरा कोच सॅम्युएल लोपेझ होता, आणि पुढे लोपेझ टीममध्ये कायमचा आला. दोन कोचांत काम वाटणं हा आता मोठ्या टेनिसचा रिवाज आहे, आपल्याकडेही तो चालतो.

घराशी ठरवताना लिहून घ्या, जवळचे लोक असले तरी. आठवड्याचं मानधन किती. विमान, हॉटेल, जेवण, व्हिसा कोणाकडे. बक्षिसाच्या रकमेत टक्का असेल तर तो कुठल्या रकमेनंतर सुरू. स्पर्धा कोण निवडणार. मॅचनंतर मुलाशी पहिलं कोण बोलणार. आणि सुटायचं असेल तर किती दिवसांची सूचना. ज्युनिअरच्या बक्षिसावर टक्का मागू नका, तिथे बक्षीसच नसतं, आणि एम१५ च्या पैशांतून हॉटेलही निघत नाही. स्पर्धा निवडण्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पालकांना रँकिंगचे पॉइंट दिसतात, म्हणून ते जे३० (आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धांची सर्वांत खालची श्रेणी) मागून जे३० भरत सुटतात. मुलाने मोसमात जितक्या मॅच हराव्यात त्याच्या साधारण दुप्पट जिंकाव्यात, असा हिशेब धरा. फारच जास्त जिंकतोय तर स्पर्धा सोपी आहे, निम्म्याहून अधिक हरतोय तर एक पायरी खाली या. आयटीएफची नावनोंदणी स्पर्धेच्या काही आठवडे आधी बंद होते आणि माघारीची मुदतही वेगळी असते. त्या तारखा तुमच्या वहीत हव्यात. त्या चुकल्या तर पैसे आणि आठवडा दोन्ही मुलाचे जातात.

पुण्यात या वाटेने गेलेली माणसं आहेत. नंदन बाळ डेव्हिस कप खेळले आणि पुढे भारताच्या डेव्हिस कप संघाचे कोच झाले. अशा अनुभवी कोचच्या कोर्टवर परवानगी घेऊन आठवडाभर नुसते उभे राहा, आणि ते मुलाला काय सांगतात यापेक्षा कुठल्या चुकीवर गप्प बसतात ते लिहून घ्या.